पेशीचे दप्तर, आरएनएचा कच्चा खर्डा आणि कर्करोग

विश्वस्त मंडळाचे निवेदन, विविध विभागांचा आढावा, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अभिप्राय यांबरोबर वार्षिक अहवालात एखादा माहितीपर लेख देण्याचा आपल्या संस्थेचा परिपाठ आहे. यंदाच्या लेखाचा विषय प्रथमदर्शनी प्रयोगशाळेतला वाटेल. आरएनए स्प्लायसिंग ही पेशीतील एक सूक्ष्म प्रक्रिया आहे. ती घडविणाऱ्या प्रथिनांमध्ये बिघाड झाला, तर कर्करोग उद्भवण्यास कसा हातभार लागतो, हे येथे सांगावयाचे आहे. या विषयाचा आपली रक्तपेढी, रक्तविकार विभाग आणि गरीब रुग्ण साहाय्य निधी यांच्याशी निकटचा संबंध आहे. किंबहुना तो असल्यामुळेच हा विषय निवडला.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे जे समजून घेतले ते रोजमेळ आणि खतावणीच्या भाषेत मांडणेच सोयीचे वाटते. देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांनाही ही भाषा अधिक जवळची वाटावी.

मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल

मानवी शरीरातील बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनए असते. ते पेशीचे मूळ दप्तर होय. चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या या दप्तरात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत आणि प्रथिने तयार करण्याच्या कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके त्यात विखुरलेली आहेत. कोणत्याही व्यवस्थित कचेरीत मूळ दस्तऐवज तिजोरीबाहेर काढत नाहीत. कामापुरती त्याची नक्कल करून देतात. पेशीही हेच करते. ज्या जनुकाची गरज असेल त्याची नक्कल आरएनए या रेणूच्या रूपात केली जाते आणि ती नक्कल केंद्रकाबाहेर प्रथिननिर्मितीच्या जागी पाठविली जाते.

परंतु ही पहिली नक्कल जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. तिला कच्चा खर्डा म्हणावे लागेल. तिच्यात प्रथिन बनविण्याच्या कामाचे तुकडे असतात. त्यांना एक्झॉन म्हणतात. या तुकड्यांच्या मध्ये मजकुराचे लांबच लांब पट्टे असतात, त्यांना इन्ट्रॉन हे नाव आहे. इन्ट्रॉन काढून टाकावयाचे आणि एक्झॉन एकमेकांस बिनचूक जोडून पक्का खर्डा तयार करावयाचा, या कामास स्प्लायसिंग म्हणतात. या कामाचा व्याप केवढा मोठा आहे याची कल्पना एका उदाहरणाने येईल. स्नायूंना बळकटी देणाऱ्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे. त्यातील ७९ एक्झॉन जोडून होणारा पक्का खर्डा अवघ्या १४,००० अक्षरांच्या आसपास भरतो. बाकीचा सर्व मजकूर कापून टाकला जातो.

जनुके अशी तुकड्या-तुकड्यांत विभागलेली असतात, हे १९७७ साली अमेरिकेत काम करणाऱ्या फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ॲडिनोव्हायरस या विषाणूचा अभ्यास करताना स्वतंत्रपणे दाखवून दिले. या शोधाबद्दल दोघांना १९९३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील नकलनवीस

कापण्याचे आणि जोडण्याचे हे काम स्प्लायसोझोम नावाची यंत्रणा करते. पाच छोटे आरएनए आणि शंभराहून अधिक प्रथिने एकत्र येऊन ती तयार होते. एखाद्या मोठ्या कचेरीत जशी कामाची वाटणी असते, तशीच येथेही आहे. इन्ट्रॉन कोठे सुरू होतो हे पाहणारे वेगळे, तो कोठे संपतो हे ओळखणारे वेगळे, आणि ‘हा तुकडा ठेवावयाचा आहे’ अशी खूण करणारे वेगळे. या यंत्रणेच्या शोधात रुग्णांचाही वाटा आहे. १९७९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी ल्यूपस या व्याधीच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे वापरून पेशीतील छोटे आरएनए आणि त्यांना बिलगलेली प्रथिने वेगळी केली. आपल्याकडे तपासणीसाठी रक्त देताना रुग्ण अनेकदा कुरकुरतात. त्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी.

या कामात एका अक्षराचीही चूक का चालत नाही, हे समजण्यास सोपे आहे. आरएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. ‘कमल नयन पवन गगन’ हा मजकूर घ्या. त्यातील ‘म’ हे एकच अक्षर गाळले आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचली, तर ‘कलन यनप वनग गन’ असे होईल. चूक एका अक्षराची, पण तेथून पुढचा सारा अर्थ बिघडला. रोजमेळात एखादी रक्कम चुकीच्या रकान्यात गेली की खालच्या सर्व बेरजा चुकतात, त्यातलाच हा प्रकार.

अशा चुका पकडण्यासाठी पेशीत एक प्रकारची तपासनिसाची व्यवस्थाही आहे. अर्थहीन झालेले बहुतेक खर्डे ती नष्ट करते. मात्र त्यामुळे ते प्रथिन पेशीला अपुरे पडते. जे खर्डे तपासणीतून निसटतात त्यांच्यापासून सदोष प्रथिने बनतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसानच.

एका खर्ड्याचे अनेक उतारे

स्प्लायसिंग हे केवळ साफसफाईचे काम नव्हे. एकाच कच्च्या खर्ड्यातील निरनिराळे एक्झॉन ठेवून वा वगळून पेशी निरनिराळे पक्के खर्डे तयार करू शकते. मानवातील ९० टक्क्यांहून अधिक बहुखंडी जनुकांच्या बाबतीत असे घडते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. वीस हजार जनुकांच्या भांडवलावर शरीर त्याहून कितीतरी अधिक प्रकारची प्रथिने निर्माण करते, त्याचे एक मोठे कारण हेच.

कर्करोगाचा संबंध येथून सुरू होतो. बीसीएल-एक्स नावाच्या जनुकापासून दोन प्रथिने बनतात. लांब प्रथिन पेशीला जिवंत ठेवते, तर आखूड प्रथिन पेशीला मरणाकडे नेते. निरोगी शरीरात म्हाताऱ्या वा बिघडलेल्या पेशींनी वेळेवर नष्ट होणे आवश्यक असते, आणि या दोन प्रथिनांचा समतोल त्यासाठीच असतो. अनेक कर्करोगांत पारडे लांब प्रथिनाच्या बाजूला झुकलेले आढळते. जनुक तेच, मजकूर तोच. केवळ कापण्या-जोडण्याच्या निवडीत फरक पडला आणि मरावयाची पेशी जगत राहिली.

ही निवड करणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढले तरी अनर्थ होऊ शकतो. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत एड्रियन क्रेनर यांच्या गटाने २००७ साली दाखवून दिले की, एसआरएसएफ१ या स्प्लायसिंग प्रथिनाचे प्रमाण थोडे वाढविल्यास उंदराच्या साध्या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि उंदरांत त्यांच्या गाठी होतात. स्प्लायसिंगचा बिघाड हा कर्करोगाचा केवळ परिणाम नसून तो त्याचे कारणही असू शकतो, ही गोष्ट त्यामुळे पुढे आली.

२०११ चा शोध

या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती २०११ साली. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, संक्षेपाने एमडीएस, हा अस्थिमज्जेचा कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज; रक्तपेशींचा कारखानाच तो. एमडीएसमध्ये हा कारखाना चालू असतो, पण माल सदोष निघतो आणि बाहेर पडण्यापूर्वीच नष्ट होतो. परिणामी हिमोग्लोबिन उतरते, प्रतिकारशक्ती घटते, प्लेटलेट्स कमी होतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत या आजाराचे रूपांतर पुढे तीव्र रक्ताच्या कर्करोगात होते.

जपानमधील सेइशी ओगावा यांचा गट आणि इंग्लंडमधील संशोधक यांनी २०११ साली या रुग्णांच्या पेशींतील जनुके वाचली, तेव्हा स्प्लायसिंग यंत्रणेतील प्रथिनांच्या जनुकांमध्येच दोष आढळले. त्यांतील चार प्रमुख नावे अशी : एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१ आणि झेडआरएसआर२. एमडीएसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत स्प्लायसिंग यंत्रणेतील कोणता ना कोणता दोष असतो, असे आज मानले जाते. एसएफ३बी१चे दोष दीर्घकालीन लिम्फॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात आणि डोळ्याच्या एका प्रकारच्या मेलॅनोमातही आढळतात.

एसएफ३बी१ हे प्रथिन १,३०४ अमिनो आम्लांच्या साखळीचे आहे. इन्ट्रॉनचा शेवट कोठे आहे हे ठरविण्यास ते मदत करते. या साखळीतील ७०० व्या जागेचे एकच अमिनो आम्ल बदलणे, हा त्यातील सर्वाधिक आढळणारा दोष होय. एवढ्याने हे प्रथिन निकामी होत नाही. ते काम करीतच राहते. मात्र काही इन्ट्रॉनांचा शेवट ते थोडा अलीकडे आहे असे समजते आणि त्यामुळे काढून टाकावयाचा थोडा मजकूर पक्क्या खर्ड्यात राहून जातो. गैरहजर कारकुनापेक्षा रोज हजर राहून चुकीच्या नोंदी करणारा कारकून अधिक घातक, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव पेशीलाही येतो.

या दोषांबाबत आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. बहुतेक जनुकांच्या पेशीत दोन प्रती असतात. एसएफ३बी१, एसआरएसएफ२ आणि यू२एएफ१ यांच्या बाबतीत एक प्रत सदोष झाली तरी दुसरी सहसा शाबूत असते. तसेच यांपैकी दोन दोष एकाच पेशीत एकत्र क्वचितच आढळतात. याचा अर्थ असा की, अशी पेशी उरलेल्या चांगल्या नकलनवीसांच्या आधारावरच तगून असते. तिची ही अडचण औषधाच्या दृष्टीने उपयोगी ठरेल काय, यावर संशोधकांचे लक्ष केंद्रित झाले आहे.

लोह भरपूर, तरी रक्त कमी

रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. एसएफ३बी१चा दोष असलेल्या बहुतेक रुग्णांच्या अस्थिमज्जेत रिंग सायडरोब्लास्ट नावाच्या पेशी दिसतात. प्रशियन ब्लू हा रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता या पेशींच्या केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचे कडे दिसते. हे ठिपके म्हणजे तंतुकणिकांत साचलेले लोह होय. त्याचे कारणही आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. एबीसीबी७ नावाचे प्रथिन तंतुकणिकांमधील लोहाच्या व्यवहारास आवश्यक असते. सदोष एसएफ३बी१मुळे त्याचा खर्डा चुकतो, प्रथिन अपुरे पडते आणि लोह जागच्या जागी अडकून राहते. गोदाम भरलेले, पण माल विक्रीला येत नाही, अशी ही अवस्था असते.

आपल्याकडे रक्तक्षय म्हटले की लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक हे समीकरण घरोघरी रूढ आहे. बहुसंख्य रुग्णांच्या, विशेषतः महिलांच्या बाबतीत ते योग्यही असते. परंतु साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थांचे हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही महिनोन्महिने वाढत नसेल, तर वारंवार टॉनिक बदलण्यापेक्षा रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे. लोह आधीच साचले असेल, तर गोळ्यांनी लाभ तर नाहीच, उलट अपाय होण्याचा संभव असतो. त्याचबरोबर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान, काही औषधे यांमुळेही अस्थिमज्जेचे चित्र एमडीएससारखे दिसू शकते. म्हणून ही साधी कारणे आधी तपासून पाहावीत, असाच तज्ज्ञांचा आग्रह असतो. बी-१२च्या कमतरतेवरील उपाय थोड्या खर्चाचा आणि खात्रीचा आहे; तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

एमडीएसच्या अनेक रुग्णांना नियमित रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर दिवसाकाठी जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. हा जमाखर्च कधीच जुळत नाही आणि शिल्लक लोह हृदय व यकृत यांत साठते. त्यामुळे साधारण वीस पिशव्या झाल्या की लोह बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार डॉक्टर करतात. थॅलसेमियाच्या बालकांचे पालक या हिशेबाशी परिचित आहेतच. येथे हेही नमूद करावेसे वाटते की, भारतात बीटा थॅलसेमियाचा सर्वाधिक आढळणारा जनुकीय दोष हासुद्धा स्प्लायसिंगचाच आहे. तेथे नकलनवीस निर्दोष असतात, पण मूळ दस्तऐवजातील ‘येथे कापावे’ ही खूणच बिघडलेली असते.

उपचारांची वाटचाल

खूण बिघडल्यामुळे होणाऱ्या कर्करोगाचे एक उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगात आढळते. नॉन-स्मॉल सेल या प्रकारच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांत एमईटी या जनुकाचा चौदावा एक्झॉन जोडणीतून वगळला जातो. काम झालेले प्रथिन वेळेवर नष्ट करण्याची सूचना नेमकी त्या तुकड्यात असते. ती गेल्यामुळे वाढीचा संदेश देणारे प्रथिन पेशीत टिकून राहते. यावरील कॅपमॅटिनिब या गोळीस अमेरिकेत २०२० साली व टेपोटिनिब या गोळीस २०२१ साली मान्यता मिळाली. प्रश्न नेमका समजला की उत्तरही नेमके शोधता येते, याचे हे उदाहरण आहे.

स्प्लायसिंग औषधाने सुधारता येते, हे मेरुरज्जूच्या स्नायुक्षयावरील नुसिनर्सेन या औषधाने सिद्ध केले. लहान मुलांच्या या आनुवंशिक आजारात हे औषध वगळला जाणारा एक्झॉन पुन्हा जोडावयास लावते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोगाच्या बाबतीत मात्र वाट अधिक बिकट आहे. स्प्लायसोझोमलाच रोखणाऱ्या ई७१०७ या औषधाच्या चाचण्या काही रुग्णांच्या दृष्टीवर विपरीत परिणाम झाल्यामुळे थांबवाव्या लागल्या. निरोगी पेशींनाही ही यंत्रणा तितकीच आवश्यक आहे, हा धडा त्यातून मिळाला. एमडीएसमधील रक्तक्षयासाठी लुस्पाटरसेप्ट या इंजेक्शनास अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. रिंग सायडरोब्लास्ट असलेल्या काही रुग्णांना त्यामुळे रक्ताच्या पिशव्या कमी लागतात. हे औषध स्प्लायसिंगचा मूळ दोष दूर करीत नाही. तांबड्या पेशी परिपक्व होण्यास साहाय्य करते.

कर्करोगाची पेशी उपचारांना चकविण्यासाठीही स्प्लायसिंगचा आधार घेते. काही ल्युकेमियांत रुग्णाच्याच प्रतिकारपेशींना प्रशिक्षित करून सीडी१९ या प्रथिनावर सोडणारी कार-टी उपचारपद्धती वापरतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या नेक्सकार१९ या अशाच स्वदेशी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, ही महाराष्ट्रास अभिमानाची बाब आहे. परंतु काही रुग्णांच्या कर्करोगपेशी सीडी१९चा एक एक्झॉन वगळून आपली ओळखच लपवितात, हे २०१५ साली दिसून आले होते. उपचार करणाऱ्यांना या लबाडीवरही नजर ठेवावी लागते.

नातेवाइकांच्या मनातील प्रश्न

जनुकातील दोष म्हटले की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे आमच्या मुलाबाळांत येईल काय?’ दुसरा प्रश्न बहुधा शब्दांत येत नाही. ‘आमच्या हातून काही चुकले काय?’ हा तो प्रश्न. एमडीएसमधील स्प्लायसिंग प्रथिनांचे दोष हे बहुतांशी जन्मजात नसतात. वय वाढत असताना अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत ते उद्भवतात आणि त्या पेशीच्या वंशापुरतेच राहतात. ते मुलांकडे जात नाहीत. थोड्या कुटुंबांत रक्ताच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती असते, परंतु तिची कारणे सहसा निराळी असतात आणि डॉक्टर त्याची स्वतंत्र चौकशी करतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. घरातील खाणेपिणे, कोणाचा दृष्टदोष वा पूर्वसंचित यांवर त्याचे खापर फोडू नये. आजारी माणसाला औषधाइतकीच या खात्रीची गरज असते.

निधीचा विनियोग

आता विश्वस्त आणि देणगीदार यांच्या मनात येणारा रास्त प्रश्न. धर्मादाय रुग्णालयाने खाटा, डायलिसिस आणि औषधे यांवर खर्च करावा की महागड्या जनुकीय तपासण्यांवर? हिशेब सांभाळणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर असे की, ज्या तपासणीमुळे उपचाराचा निर्णय बदलतो, ती तपासणी म्हणजे उधळपट्टी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात एसएफ३बी१चा दोष असलेला एमडीएस हा स्वतंत्र प्रकार मानला आहे. अशा रुग्णांचा आजार तुलनेने संथ गतीने जातो. जोखीम वाढविणारे अन्य दोष नसतील, तर योग्य वेळी रक्त, लोहाचे नियंत्रण आणि नियमित देखरेख यांवर त्यांची अनेक वर्षे बऱ्यापैकी जाऊ शकतात. त्यांना कठोर केमोथेरपीच्या खर्चात आणि त्रासात लोटण्याचे प्रयोजन उरत नाही. याउलट एसआरएसएफ२चा दोष आढळल्यास डॉक्टर अधिक सावध राहतात आणि वय व प्रकृती अनुकूल असेल, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार वेळीच करतात. एका अहवालामुळे एका कुटुंबाचे शेत वा दागिने गहाण पडण्यापासून वाचतात आणि दुसऱ्या कुटुंबास भावंडांपैकी दाता शोधण्यास वेळ मिळतो. मात्र ही तपासणी सरसकट सर्वांची करण्याची नसून, प्राथमिक तपासण्या आणि अस्थिमज्जेचा अहवाल पाहून रक्तविकारतज्ज्ञांनी शिफारस केलेल्यांचीच करावयाची आहे. गरजू रुग्णांसाठी हा खर्च साहाय्य निधीतून उचलला जावा, अशी नम्र विनंती या लेखाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळास करीत आहोत.

ज्यांना आर्थिक साहाय्य शक्य नाही, त्यांच्याकडेही देण्यासारखे एक अमूल्य दान आहे. एमडीएसच्या रुग्णाला दर दोन-तीन आठवड्यांनी लागणारी रक्ताची पिशवी कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. नवे औषध येईल तेव्हा येईल; तोपर्यंत या रुग्णांना चालते-फिरते ठेवण्याचे काम ऐच्छिक रक्तदातेच करीत असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या दिवसांत रक्तदान शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढीतील साठा खाली येतो. आपापल्या गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळे, बँका आणि महाविद्यालये यांनी त्या दिवसांत मुद्दाम शिबिरे घ्यावीत, एवढे आवर्जून सुचवावेसे वाटते. पेशीतील नकलनवीसाची चूक आज आपल्याला दुरुस्त करता येत नसली, तरी तिच्यामुळे येणारी तूट भरून काढणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.